मागच्या दाराच्या कुलपाबाबत

सोमवार, ३ फेब्रुवारी

टकळे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच टाकणार असशील, तर जरा थांब. एवढं पहिलं पान वाच, मग काय करायचं ते कर. दोन वर्षं तीन महिने झाले, तू माझ्याशी बोलली नाहीस. फोन उचलत नाहीस, काही निरोप असला तर तुझ्या वहिनीकडे देतेस. आणि आज सकाळी साडेदहाला तू स्वतःच माझ्या टेबलावर येऊन पडलीस. लेखी प्रश्न क्रमांक ८४७, खाली तुझी सही. शेवटच्या अक्षराची शेपटी तश्शीच ओळीखाली ओढलेली. प्रगतिपुस्तकावर बाबांची खोटी सही करायचीस तेव्हाही ती शेपटीच तुला पकडून द्यायची.

हो, तुझे प्रश्न माझ्याकडेच येतात. काही दिवसांपासून मी खात्यात प्रश्नांच्या टेबलावर आहे. तुम्ही सदस्य मंडळी प्रश्न टाकता आणि समजता की मंत्री डोकं धरून उत्तर लिहीत बसतात. अगं, मंत्री नुसती सही करतात. प्रश्न वरून घरंगळत येतो तो माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर थांबतो. मी मसुदा लिहितो, आमच्या वरिष्ठ बाई दोन शब्द खोडतात, त्यांचे वरिष्ठ तेच दोन शब्द परत घालतात, आणि झालं शासनाचं उत्तर.

प्रश्न चांगला लिहिलायस, हे मान्य करतो. "(१) विशेष व्यक्तींच्या शासकीय निवासगृहात धुराने तीन रहिवाशांचा मृत्यू झाला, त्या दिवशी इमारतीचे मागचे दार कुलूपबंद होते, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याआधी तीनच महिने प्रश्न क्रमांक ३१२ च्या उत्तरात 'हे खरे नाही' असे शासनाने सभागृहास कळवले होते, हे खरे आहे काय, (३) असल्यास, ते उत्तर कोणी व कोणत्या माहितीवरून तयार केले, (४) कुलूप कोणाच्या सांगण्यावरून लावले होते?"

तीन रहिवासी. त्यातला एक आपला धाकटा गुंड्या, हे तू लिहिलं नाहीस. बरोबर आहे, प्रश्नात घरचं काही आणायचं नाही असा नियमच आहे. एकतीस वर्षांचा घोडा आणि समज सहा वर्षांची. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या गुंड्या सदान्‌कदा खिशात. तू दार लावून अभ्यासाला बसलीस की हा बाहेरून दाराखालच्या फटीतून एक गुंडी आत सरकवायचा. गुंडी आली की दार उघडायचं, हा आपल्या घरचा कायदा. तू कधीकधी मुद्दाम उघडायची नाहीस, मग दुसरी यायची, मग तिसरी. तू म्हणायचीस, "दादा, हा लाच देतोय."

पण टकळे, आता हे उकरून काय मिळणार आहे तुला? तिथल्या अधीक्षक बाई निलंबित आहेत. चोवीस तारखेला त्यांची शेवटची सुनावणी आहे, बहुतेक बडतर्फ होतील. तुला कोणीतरी दोषी हवं होतं ना, मिळालं. ३१२ चं उत्तर तेव्हा कोणी लिहिलं हे आता शोधणं कठीण आहे, त्या वेळी टेबलं बदलत होती. आणि कुलूप म्हणजे काही कोणी डांबून ठेवलं नव्हतं. किल्ली तिथेच स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला निळ्या दोऱ्याने टांगलेली असायची. धुरात कोणाला दिसली नाही, त्याला कोण काय करणार?

तो झोपेतच गेला. ओळख पटवायला मीच गेलो होतो, मी पाहिलंय. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी "सुटला बिचारा" म्हणालो, तेवढं तू धरून बसलीस. लोक म्हणतातच तसं, तोंडातून निघून जातं. त्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकायचं असतं का?

उत्तर एकवीस तारखेपर्यंत द्यायचं आहे. ८४७ मागे घेता येतो, सदस्याने दोन ओळींचं पत्र दिलं की झालं. विचार कर.

तुझा
दादा


शनिवार, ८ फेब्रुवारी

टकळे,

पत्र मिळालं असणार. तू काही लिहिणार नाहीस, हेही ठाऊक होतं. तरी रोज टपाल आलं की मान वर होतेच. वहिनी म्हणाली, "आमदारीण बाईंना कामं असतात, तुमच्यासारखी नाहीत." तिचा माझ्यावर राग आहे, आणि ती तुझ्या बाजूची आहे, हे तुला सांगून ठेवतो. तेवढंच तुला बरं वाटेल.

काल आमच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, "त्या ८४७ चं काय?" मी म्हटलं, बघतोय. त्या म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? जुनं उत्तर काढा आणि फिरवा." आमच्यात याला फिरवणं म्हणतात. मागच्या अधिवेशनाचं उत्तर काढायचं, तारीख बदलायची, वर पाठवायचं. शंभरातली साठ उत्तरं अशीच जातात. आता तूच सांग, जुनं उत्तर म्हणजे ३१२ चं. ते कसं फिरवू?

मागच्या पत्रात मी "काही दिवसांपासून" लिहिलं होतं. काही दिवस नव्हेत, या टेबलावर मला सहा वर्षं झाली. टेबलं वगैरे काही बदलत नव्हती. ३१२ चं उत्तर मी लिहिलं.

झालं. लिहिलं एकदाचं. आता उरलेलं ऐक.

तो प्रश्न विरोधी बाकावरच्या त्या म्हाताऱ्या सदस्यांचा होता, जे सभागृहात डुलक्या काढायचे आणि प्रश्न मात्र नेमके टाकायचे. "निवासगृहाचे मागचे दार कायमस्वरूपी कुलूपबंद ठेवण्यात येते, हे खरे आहे काय?" त्याखाली आणखी सहा पोटभाग. असल्यास कोणाच्या आदेशाने, असल्यास आगीच्या वेळी काय व्यवस्था, असल्यास पाहणी कधी झाली. या धंद्यातली एक खुबी तुला सांगतो, तुलाच पुढे उपयोगी पडेल. पहिल्या भागाला "हे खरे नाही" म्हटलं की खालच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" लिहिता येतं. सहा भागांची माहिती गोळा करायला नको, चार कचेऱ्यांना पत्रं नकोत. सुंठीवाचून खोकला गेला. म्हणून आम्ही प्रश्नात एखादा नाकारण्याजोगा शब्द शोधतो. एक सापडला तरी पुरतो.

मी निवासगृहात अधीक्षक बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "कुलूप असतं साहेब, पण सकाळी कपडे धुणाऱ्याची गाडी येते तेव्हा अर्धा तास उघडतो." म्हणजे "कायमस्वरूपी" नाही! मला आनंद झाला गं. खरंच झाला. मी लिहिलं, "हे खरे नाही. (२) ते (७) प्रश्न उद्भवत नाही." पाच वाजायच्या आत फाइल वर गेली आणि मी वेळेवर घरी आलो. आमच्या वरिष्ठ बाईंनी दुसऱ्या दिवशी पाठ थोपटली, म्हणाल्या, "तुमच्याकडून शिकावं." तीन महिन्यांनी धुलाईच्या खोलीतल्या तारांनी पेट घेतला. पुढच्या जिन्यात धूर भरला; बाकीचे त्यातून कसेबसे बाहेर पडले, तिघांना पडता आलं नाही, आणि मागचं दार बंद होतं.

तू म्हणशील, तुझा स्वतःचा भाऊ त्या इमारतीत होता आणि तू एका शब्दावर खेळलास? खेळलो. सहा वर्षं तेच करत होतो, त्या दिवशी वेगळं काय आहे ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण कुलूप लावायला मी सांगितलं नव्हतं. ते कोणा नातेवाइकाच्या लेखी अर्जावरून लावलं, असं अधीक्षक बाई चौकशीत सांगतात. अर्ज फाइलमध्ये नाही. सापडत नाही, त्याला मी काय करू? तेव्हा (३) चं उत्तर तुला मिळालं, ते आपल्यात ठेव. आपलेच दात, आपलेच ओठ. (४) चं सोड.

दादा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

टकळे,

वाचतेस तर!

आज सकाळी प्रश्न क्रमांक ९०३ आला. मी उभ्या उभ्या वाचला आणि मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "(१) उक्त कुलपाची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी निळ्या दोऱ्याने टांगलेली असे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी अहवालात याचा कोठेही उल्लेख नसताना ही माहिती विभागात कोणास होती, (३) मृत रहिवासी इमारतीत कोणकोणत्या जागी आढळले?"

दोन वर्षं तीन महिन्यांत तू मला लिहिलेला पहिला मजकूर. "उक्त" काय, "उल्लेख" काय! माझं पत्र वाचलंस, त्यातला निळा दोरा उचललास आणि शासनाच्या मार्फत माझ्या गळ्याला बांधलास. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू, आधी आनंद झाला. वाटलं, फोडलं तर पाकीट. मग खाली बसलो आणि पुन्हा वाचला.

मी स्वतःच तुला तिकीट लावून ते पाठवलं होतं. अख्ख्या चौकशीत निळा दोरा नाही. अधीक्षक बाईंनीही सांगितला नाही, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. पण तुला तो दोरा माहीत आहे. आईच्या शिवणाच्या डब्यातला, परकराच्या नाडीला ठेवलेला, ज्याचा गुंडा संपता संपत नव्हता. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे तो असणार?

कुलूप मी आणलं. चौकातल्या लोखंडी सामानाच्या दुकानातून. मोठं होतं, तळहात भरेल एवढं. किल्लीला दोरा मी बांधला आणि खिळाही मीच ठोकला, बाई शेजारी उभ्या होत्या. अर्ज मी लिहिला. सुवाच्य अक्षरात, "सुरक्षिततेच्या कारणास्तव", खाली पूर्ण नाव, नाते: भाऊ.

आणि तो अर्ज सापडत नाही हेही खोटं. चौकशीची फाइल आमच्याच कक्षातून पुढे गेली. जाण्याआधी दोन दिवस माझ्याकडे होती. मी तो कागद काढला, पानांना क्रमांक परत घातले आणि फाइल बांधून दिली. कागद माझ्या खणात आहे, टाचण्यांच्या डब्याखाली. फाडायला दोनदा काढला. फाडवला नाही.

पण का लावलं ते तरी ऐकून घे. तो मागच्या दाराने निघून जायचा. त्या वर्षात तीनदा गेला. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडला, दोन्हीकडून ट्रक आणि हा खाली बसून कुणाची तरी पडलेली गुंडी शोधतोय. तू तेव्हा दुसऱ्या शहरात होतीस, सहा महिन्यांनी एकदा खाऊ घेऊन यायचीस आणि डोळे पुसत जायचीस. रोजचं मला निस्तरावं लागायचं. त्याचा जीव वाचावा म्हणून कुलूप लावलं. त्यात माझं काय चुकलं, ते तू सांग.

९०३ चा तिसरा भाग तू कशाला घातलास? तो झोपेत गेला म्हणून मी तुला तेव्हाच सांगितलंय. एवढा एक भाग खोड. हवं तर हात जोडतो.

दादा


मंगळवार, १८ फेब्रुवारी

टकळे,

आज अधीक्षक बाई आल्या होत्या. आमच्या कक्षाबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसल्या होत्या, मांडीवर कागदांची पिशवी. मी दोनदा त्यांच्यासमोरून पाण्याला गेलो आणि दोनदा न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा त्याच उठल्या.

"साहेब, बसा ना दोन मिनिटं. ओळखलंत ना?"

केस पांढरे झालेत. पूर्वी आवाज केवढा होता, सगळं निवासगृह हलायचं. मी म्हटलं, "ओळखलं हो. बोला."

"सोमवारी सुनावणी आहे. तो अर्ज तेवढा फाइलला असला तर बरं होईल. मी सांगते ते कुणाला पटत नाही. म्हणतात, बाई, नातेवाईक होता तर नाव सांगा."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमच्याच घरातला गेला. आधीच एवढं झालेलं, त्यात मी तुमचं नाव चौकशीत ओढायचं? मला वाटलं, अर्ज फाइलला आहेच, ते आपणहून बघतील. तुमच्या बहीणबाईंनाही मी एवढंच म्हटलं, नातेवाइकाने लेखी दिलं होतं."

मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी तेव्हा म्हटलं होतं साहेब, कुलूप नको, दाराशी माणूस ठेवू. तुम्ही म्हणालात, पद मंजूर नाही."

म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत.

"अर्ज आहे ना हो फाइलमध्ये?" त्यांनी विचारलं.

आणि टकळे, मी म्हणालो, "शोधतो." त्यांनी माझे आभार मानले. पिशवी सावरली, जिना उतरल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला गं. मी आत येऊन खण उघडला, टाचण्यांचा डबा बाजूला केला आणि तसाच बसून राहिलो. लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

नाही, हेही खोटं. एकदा वाटली होती, आणि सगळ्याचं मूळ तेच आहे. तेही आता सांगून टाकतो, कोंबडं किती झाकायचं.

मागच्या पत्रात ट्रकचं लिहिलं, ते खरं आहे. पण कुलूप त्या दिवशी लावलं नाही. ट्रकचं झाल्यावर मी बाईंना म्हटलं होतं, "जरा लक्ष ठेवत जा," बस्स. त्यानंतर दोन महिने दार उघडंच होतं.

तिसऱ्या वेळी तो माझ्या ऑफिसात आला. रविवारी मी त्याला बसने फिरवायचो तेव्हा खिडकीतून इमारत दाखवायचो, "बघ, दादाचं ऑफिस." त्याने ती लक्षात ठेवली. चार मैल चालत आला. अंगात झोपायचे कपडे, पायात वेगवेगळ्या चपला. आमच्याकडे त्या दिवशी वरून पाहुणे आले होते, सगळा कक्ष उभा होता. दारात येऊन म्हणाला, "दादा, मी आलो." मग खिशातून काढून त्याने एकेकाच्या हातावर एकेक गुंडी ठेवली. पाहुण्यांच्या हातावरसुद्धा. त्यांनी हसून विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आपल्या निवासगृहातला एक रहिवासी आहे, सर. चुकून आलाय."

तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, मला ऐकू आलं नाही. परत म्हणाला, "दादा. मी गुंड्या." मी शिपायाला हाक मारली आणि त्याला खात्याच्या जीपमध्ये बसवून पाठवून दिला. जाताना हात हलवत होता. तो खूश होता गं, त्याला जीपमध्ये बसायला मिळालं होतं.

त्याच दिवशी घरी जाताना मी कुलूप घेतलं.

ट्रकखाली येईल म्हणून नाही. परत येईल म्हणून.

आता तुला कळलं असेल, "सुटला" कोण ते. तुला तेव्हाच कळलं होतं का? माझ्याकडे बघून तू आत निघून गेलीस, त्यावरून मला नेहमी वाटतं की कळलं होतं.

दादा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

टकळे,

आज मुदत संपली. उत्तर दिलं.

सकाळी आल्या आल्या मसुदा लिहिला. सहा वर्षांत एवढा लहान मसुदा कधी लिहिला नव्हता. दोन्ही प्रश्न एकत्र घेतले. तसं चालतं, विषय एक असला की.

"प्रश्न ८४७: (१) होय, हे खरे आहे. (२) होय, हे खरे आहे. (३) ते उत्तर खाली सही करणाराने तयार केले. दार कुलूपबंद असते हे त्यास त्या वेळी माहीत होते. (४) खाली सही करणाराच्या लेखी अर्जावरून. अधीक्षकांनी त्यास तोंडी विरोध केला होता. प्रश्न ९०३: (१) होय, हे खरे आहे. (२) खाली सही करणारास."

फाइल पाठवली नाही, स्वतः घेऊन गेलो. वरिष्ठ बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, "बरं आहे."

"अहो, नऊ महिने राहिलेत तुमचे निवृत्तीला. हे काय मधेच?"

"खरं आहे ते, मॅडम."

"खरं आहे की नाही, हे कोणी विचारलंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग त्यांचं त्यांनाच जाणवलं असावं. प्रश्नाच्या पहिल्या दोन्ही भागांत तेच तर विचारलं होतं. वाईट बाई नाहीत त्या, घाबरल्या होत्या. मग लाल पेनने वरून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

तेव्हा सोमवारी तुला छापील उत्तर मिळेल ते एवढंच. मंत्र्यांच्या नावाचं, नीट टंकलेलं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. माहिती गोळा झालेली आहे.

दुपारी रजा टाकून चौकशी अधिकाऱ्यांकडे गेलो आणि लेखी जबाब देऊन पोच घेतली. तिथून अधीक्षक बाईंच्या घरी गेलो. त्यांना सगळं सांगितलं, खणासकट. मला वाटलं, त्या ओरडतील. त्यांचा जुना आवाज ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि आत जाऊन बसल्या. मी बराच वेळ उंबऱ्यात उभा होतो. शेवटी आतून म्हणाल्या, "जा आता तुम्ही." सोमवारी सुनावणीला मी जाणार आहे. माझं निलंबन होईल, पुढे काय होईल ते होईल. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं आधी सांगितलं असतंत तर त्या बाई घरी बसल्या नसत्या." बरोबरच आहे तिचं.

अर्जाची मूळ प्रत तुला पाठवतोय, चौकशीला छायाप्रत दिली. आमच्या खात्यातले कागद कसे हरवतात ते मला ठाऊक आहे. तुझ्याकडे राहू दे, सभागृहात दाखव.

९०३ चा तिसरा भाग मसुद्यात घेतला नाही. ते उत्तर शासनाला द्यायचं नाही, तुला द्यायचं आहे. आजवर ते कोणालाच सांगितलं नाही.

टकळे, तो झोपेत गेला नाही. बाकीचे दोघे जिन्याजवळ सापडले. गुंड्या मागच्या दाराशी होता. दाराला तोंड करून बसलेला, एक हात फटीपाशी. मला आतून त्याची ओळख पटवायला लावली आणि मग मी त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला गेलो, का गेलो ते माहीत नाही. पायरीवर गुंड्या पडल्या होत्या. आतून सरकवलेल्या, एकामागून एक. कुणीतरी उघडेल म्हणून.

मी त्या वेचल्या, खिशात घातल्या आणि घरी येऊन तुला सांगितलं की झोपेतच गेला. वर म्हणालो, सुटला.

तू मला पत्र लिहू नकोस. प्रश्न मात्र टाकत राहा. माझ्या टेबलावर दुसरं कोणी बसेल, त्याच्याकडून सहजासहजी "हे खरे नाही" घेऊ नकोस. तो कोणत्या शब्दाला धरून नाकारतोय ते नीट बघ.

तुझा
दादा

सोबत:
अर्ज, मूळ प्रत, एक.
मसुदा, लाल रेघेसह, एक.
गुंड्या, अकरा.